बॅटरीचा उपास

मी बोलतेय. मशीन नव्हे, ड्रिल मशीनच्या मुठीखाली बसते ती बॅटरी. भिंतीला भोक पडलं की लोक मशीनचं कौतुक करतात. माझ्याकडे लक्ष जातं ते मी बंद पडल्यावर. तक्रार नाही, सवय झाली आहे. तक्रार करायलाही थोडा जोर लागतो आणि माझ्यात तो फारसा उरलेला नाही, म्हणून हळूहळू सांगते.

जन्माचं फार आठवत नाही. लांबच्या कुठल्यातरी कारखान्यात पाच सेल एकाला एक जोडून काळ्या डब्यात बसवले, वर 'अठरा व्होल्ट' असं छापलं आणि खोक्यात घातलं. मग जहाज, मग गोदाम, मग दुकान. खोक्यातल्या खोक्यात बरेच महिने गेले.

लालबागेत आले ती मेघनामुळे. तिचे वडील जयवंत आधी गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर वीस-बावीस वर्षं एका ऑफिसच्या इमारतीत मेंटेनन्सला. ते निवृत्त झाले त्या आठवड्यात मेघनाने मशीन घरी आणलं, सोबत मी आणि चार्जर. तिच्या आईने, बकुळाने, आम्हा तिघांना देव्हाऱ्यासमोर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "बरा केलंस गो. रिकामो माणूस घरात नको."

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरची ती एक खोली, पुढे गॅलरी. खिडकीखालची फळी माझी जागा झाली.

पहिली तीन वर्षं मात्र माझी चांगली गेली, ते कबूल करायला हवं. जयवंत मला पिशवीत घालून कधी करी रोडला, कधी भोईवाड्याला नेत. पडद्याचा रॉड, देव्हाऱ्याची फळी, कोणाची नावाची पाटी. गणपतीच्या आधी तर मखरांसाठी आमची घराघरांत वाट बघायचे. माणसांचं एक मी तेव्हाच ओळखलं. "एकच भोक आहे हो," म्हणून बोलावतात आणि आपण गेलो की घरातल्या सगळ्या भिंती आठवतात. पेन्सिलीने खूण करून देतात, भोक पडल्यावर म्हणतात, जरा डावीकडे हवं होतं. जयवंत जुन्या भोकात सिमेंट भरत आणि नवीन पाडत. दम माझा जायचा.

हे सगळं मी आनंदाने केलं असतं, आणखी पाच-सात वर्षं सहज केलं असतं. पण जयवंतांनी माझ्यामागे उपास लावला.

सांगते. ऑफिसच्या मेंटेनन्समध्ये त्यांच्याकडे जुन्या तऱ्हेची एक बिनवायरची मशीन होती. तिथल्या स्टोअरकीपरने त्यांना शिकवलं होतं, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जला लावायची नाही. त्या बॅटरीला ते बरोबर होतं. ती जात वेगळी, माझी वेगळी. पण एकदा नीट शिकलेली गोष्ट जयवंत विसरणाऱ्यांतले नव्हते.

त्यात घरात बकुळाची संकष्टी. नुसती संकष्टी नाही, कडकडीत. सकाळी एक कप बिनदुधाचा चहा, त्यावर चंद्रोदयापर्यंत काही नाही. कॅलेंडरवर ती वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्या चतुर्थ्यांना लाल गोल करून ठेवी. एकदा तिनेच सहज म्हटलं की उपासाने पोट साफ होतं, सगळी यंत्रं नीट चालतात. जयवंतांना ते पटलं आणि तेव्हापासून माझाही उपास सुरू झाला.

दर संकष्टीला संध्याकाळी जयवंत गॅलरीत उभे राहत आणि मशीन हवेत फिरवत. काम काही नाही. पुढे भिंत नाही, लाकूड नाही. नुसतं घर्र घर्र, अर्धा-पाऊण तास, माझ्यातला शेवटचा थेंब निघेपर्यंत. मग रात्री चंद्र दिसला, बकुळाने नैवेद्य दाखवून पहिला घास घेतला की मला चार्जरवर ठेवत. "दोघींचो उपास एकदमच सुटलो," असं म्हणून हसत. बकुळा म्हणायची, "बॅटरीक कसलो उपास? ती काय चतुर्थी धरता?" पण तीही हसायची. त्यांच्या संसारातली ती एक गंमत होती आणि त्या गमतीत मी झिजत होते.

शिवाय गाव. गौरी-गणपतीला दहा-बारा दिवस आणि मे महिन्यात महिनाभर कोकणात. निघण्यापूर्वी मला पूर्ण रिकामी करून मशीनलाच लावून ठेवायचे. खोली बंद, वरचा पत्रा तापलेला, आणि मी आत रिकाम्या पोटी. माझ्यासारखीला काय लागतं म्हणाल तर फार काही नाही. अर्धी संपले की थोडं भरावं. तापलेली असले तर आधी निवू द्यावं, मग चार्जरवर ठेवावं. लांब जायचं असेल तर अर्ध्या पोटी, मशीनमधून काढून, सावलीत ठेवावं. एवढंच. हे सगळं खोक्यातल्या पत्रकावर लिहिलेलं होतं. ते पत्रक बकुळाने पिठाच्या डब्याच्या तळाला घातलं होतं.

चौथ्या वर्षापासून मला दम लागायला लागला. चार्जरवर हिरवा दिवा लागायचा, जयवंतांना वाटायचं भरली. भरलेली मी असायचेच, पण भांडंच लहान झालं होतं. हे सांगायला मला तोंड नव्हतं. जयवंत म्हणायचे, उपास कमी पडतोय.

बकुळाचंही तसंच चाललं होतं. ती सांगत नव्हती आणि कोणी विचारत नव्हतं. वय साठीपुढचं, साखर कमी-जास्त व्हायची. मेघना ओरडायची, "आई, निदान दुपारी काहीतरी खा ना. डॉक्टर काय बोलले ऐकलंस ना?" त्यावर बकुळाचं एकच उत्तर, "माका काय होता?" आधी पोटोबा मग विठोबा, ही म्हण त्या घरात दुसऱ्यांसाठी होती.

आता ती संध्याकाळ. मला आवडत नाही आठवायला.

संकष्टी होती. मेघना कामावरून यायची होती. जयवंत गॅलरीच्या रस्त्याकडच्या टोकाला उभं राहून मला रिकामी करत होते. बकुळा दुसऱ्या टोकाला गेली होती. तिथे वळण घेतलं की अरुंद बोळ, बोळात एका बाजूला पाण्याची पिंपं आणि शेवटी मजल्याचे संडास. तिथे तिला भोवळ आली. धरायला काही नव्हतं. ती पडली आणि तिने हाक मारली. एकदा नाही, पुष्कळदा मारली असणार. पण इकडे मी घर्र घर्र करत होते.

शेजारची नलू धावत आली. "जयवंतदादा, आधी ती मशीन बंद करा," एवढंच ती म्हणाली. बोट उचलल्यावर, मशीन थांबल्यावर, जयवंतांना बकुळाचा आवाज ऐकू आला. मलाही आला. पाच वर्षांत मी एवढा आवाज केला, त्यातला त्या संध्याकाळचा माझा आवाज सगळ्यात वाईट.

खुब्याचं हाड मोडलं होतं. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. डॉक्टर म्हणाले, चालवायचं, बसवून ठेवायचं नाही. पण चालणार कशी? उकिडवं बसायला मनाई. मजल्यावर कमोडचा संडास एकच, तोही शेवटचा. वॉकर घेऊन वळणापर्यंत जाता येईल, पुढच्या बोळात पिंपांमुळे वॉकर शिरतच नाही. मेघनाने खोलीत ठेवायची कमोडची खुर्ची आणते म्हटलं. बकुळा हॉस्पिटलच्या पलंगावरूनच म्हणाली, "जेवतव त्या खोलीत? मी मेलंय तरी नाय." ते हट्टाने नव्हतं. ती खरंच घाबरली होती, की आता आपल्याला कायमचं असंच ठेवणार.

तेव्हा जयवंतांनी ठरवलं, बोळाच्या भिंतीला कठडा बसवायचा. वळणापासून शेवटच्या दारापर्यंत स्टीलचा पाइप, सहा ब्रॅकेट, बारा भोकं. बोळात प्लग नाही आणि सततच्या पाण्यातून वायर ओढणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. म्हणजे काम माझंच. बकुळाला दोन दिवसांनी घरी सोडणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवा दिवा बघून जयवंतांनी मला मशीनला लावलं. भिंत जुनी, आत पक्की वीट. मी जीव ओतला, खोटं सांगत नाही. पहिली दोन भोकं गेली. तिसरं, चौथं. पाचव्याला मी इतकी तापले की माझा डबा हाताला चटका देत होता. बिट भिंतीत अर्धं गेलं आणि मी थांबले. जयवंतांनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग भिंतीत अडकलेलं मशीन तसंच धरून ते पिंपाला टेकून उभे राहिले. नलू पाणी भरायला आली होती. तिला म्हणाले, "ज्या दिवशी नको होती त्या दिवशी पाऊण तास चालली. आज पाचव्या भोकाला बसली."

मला लाज वाटली. मला माझा दोष नाही हे माहीत होतं, तरीही वाटली.

बिट उलटं फिरवून काढायलाही जोर नव्हता. पान्ह्याने काढलं. मग मला आणि मशीनला पिशवीत घालून जयवंत निघाले. स्वतःची बदली शोधायला नमुना म्हणून जाणं काय असतं, ते मला विचारा.

आधी जवळच्याच एका टपरीवर. तो म्हणाला, "काका, नवीन कशाला? आतले सेल बदलून देतो." मला क्षणभर आशा वाटली. पण जयवंतांनी त्याच्या टोपलीत पाहिलं, जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल होते. शिळ्या कढीला ऊत. लाकडी जिन्याच्या चाळीत असलं कधीही पेट घेणारं काही घरात ठेवायला जयवंतांची छाती झाली नाही. त्यांनी मान हलवली आणि आम्ही लोहार चाळीच्या बाजारात हितेंद्रभाईंच्या दुकानात गेलो. जयवंत नोकरीत असताना तिथूनच सामान न्यायचे.

हितेंद्रभाईंनी मला हातात घेतलं, उलटं केलं, मीटर लावला.

"किती वर्षं झाली, काका?"

"पाच."

"पाचमध्ये एवढी खलास? घरच्या कामाला? काय करता तुम्ही हिला?"

जयवंतांनी सगळं सांगितलं. संकष्टी, गॅलरी, चंद्रोदय. जरा अभिमानानेच सुरुवात केली होती. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला, कारण हितेंद्रभाई हसत नव्हते.

"काका, ते जुन्या बॅटरीचं होतं. ही लिथियम. हिला उपाशी ठेवलं की आतून मरते. दर वेळी थोडी थोडी. वरून काय दिसत नाय."

काउंटरवर मी पडले होते, जयवंत माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "वरून दिवा हिरवोच लागायचो."

"तो लागणारच, काका."

मग निवड. हितेंद्रभाईंच्या माणसाने आधी एक चकचकीत खोकं पुढे केलं. कंपनीचं नाव भलतंच, पण आकडा केवढा, माझ्या तिप्पट. जयवंतांनी त्यातली बॅटरी एका तळहातावर घेतली, मला दुसऱ्यावर. गिरणीत सुट्या भागांचं वजन हाताने सांगणारा माणूस. "हलकी हा," म्हणाले आणि खाली ठेवली. बडा घर पोकळ वासा.

"बरोबर आहे," हितेंद्रभाई म्हणाले. "ती कंपनीला परत गेली पायजे, पडलीय इथे. तुम्ही हे बघा. व्होल्ट म्हणजे जोर. तो तुमच्या मशीनचा अठरा, म्हणजे अठराच पायजे, बदलायचा नाय. अँपिअर म्हणजे दम. तो जास्त चालेल. तुमची दोनची होती, ही चारची घ्या. खाच तीच, चार्जर तोच चालेल, फक्त भरायला वेळ जास्त लागेल."

ती माझ्याहून जाड होती आणि जड होती. जयवंतांनी चष्मा लावून तिच्या पोटावरची तारीख वाचली. चार महिन्यांपूर्वीची, म्हणजे फार दिवस दुकानात उपाशी पडलेली नव्हती. मशीनला लावून पाहिली. कट् असा आवाज आला. माझाही कधीकाळी तसाच यायचा. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मनात आलं खरं. पण उरलेली आठ भोकं कोणीतरी पाडायलाच हवी होती.

निघताना हितेंद्रभाईंनी हाक मारली. "काका, अर्धी झाली की भरायची. तिला भूक लागायची वाट बघायची नाय."

दुपारी घरी आल्यावर जयवंतांनी तिला चार्जरवर ठेवलं. संध्याकाळच्या आत बाराही भोकं झाली. मी पिशवीतून ऐकत होते, आवाज एकसारखा होता, कुठे दमला नाही. मेघना आली तेव्हा जयवंत पाइपला लोंबकळून बघत होते, वजन पेलतं का ते.

"पप्पा, पडाल."

"पडूक व्हया नाय, म्हणूनच बघतंय."

दुसऱ्या दिवशी बकुळा आली. वळणापर्यंत वॉकर, पुढे कठडा. पहिल्यांदा तिने पाइपला नुसता हात लावला, मग मूठ आवळली. पंधरा पावलं जायला फार वेळ लागला. चाळीतले लोक दारात उभे होते, पण कोणी मदतीला आलं नाही, कारण तिने डोळ्यांनीच नको म्हटलं होतं. गेली, आली, खोलीत येऊन पलंगावर टेकली आणि म्हणाली, "दुसरो ब्रॅकेट वाकडो हा." जयवंतांनी ते मान्य केलं. तो माझ्या वाटणीच्या भोकांवरचा होता.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. मी फळीवर चार्जरच्या बाजूला पडून होते, कोणी विचारत नव्हतं, आणि तेही बरंच होतं.

पण कॅलेंडरवरचा लाल गोल जवळ येत होता. हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उपास बंद. पुन्हा भोवळ आली आणि पुन्हा पडली तर चालणं विसरा. बकुळाने तेव्हा मान डोलावली होती. संकष्टीच्या सकाळी तिने बिनदुधाचा चहा मागितला. मेघनाने सांगून बघितलं, रागावून बघितलं, शेवटी रडून कामावर गेली. चहा जयवंतांनीच करून दिला. चाळीस वर्षं बायकोच्या उपासाला जो कधी आडवा आला नाही, तो आता काय म्हणणार?

दुपारचे चार वाजले. बकुळा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा उतरला होता, ओठ कोरडे. जयवंत उठले आणि मशीन खाली काढलं. मला वाटलं, झालं, आता त्या नवीचा उपास सुरू. बकुळालाही तसंच वाटलं असावं. ती म्हणाली, "गॅलरीत नको वाजवा आज. माका सोसूचा नाय."

जयवंतांनी बॅटरी मशीनमधून काढली. अर्धीअधिक भरलेली होती. त्यांनी ती चार्जरवर ठेवली आणि दिवा लागेपर्यंत बघत उभे राहिले.

"अजून चंद्र खय उगवलो?" बकुळा म्हणाली.

"हिका उपास नाय," जयवंत म्हणाले. तिच्याकडे न बघताच. "त्या दिवशी तू हाक मारलस, माका ऐकाक येवक नाय. मी बॅटरीचो उपास करी होतंय. ती जुनी मी मारलंय, बकुळे. दर चतुर्थीक थोडी थोडी. वरसून दिवा हिरवो, आणि माका वाटायचा बरी हा." मग ते वळले. "हिका उपास नाय. आता तुका पण नाय."

बकुळाने आधी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. आणि मग, का कोण जाणे, फळीवर माझ्याकडे. इतक्या वर्षांत हळदकुंकू वाहिलं तो दिवस सोडून तिने मला असं नीट पाहिलं नव्हतं. मीही पाहत होते. आम्ही दोघी एकाच दिवशी उपाशी राहिलो होतो, एकाच दिवशी जेवलो होतो आणि एकाच महिन्यात मोडलो होतो. तिच्यात प्लेट घालून तिला उभं करता आलं. माझ्यात काही घालता येत नाही.

बाहेर कोणाच्या तरी नळाला पाणी आलं. पिंप भरायचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"सकाळची पेज उरली हा?" बकुळाने विचारलं.

"हा."

"गरम करा. मीठ घाला थोडा."

जयवंतांनी पेज गरम केली. मीठ घातलं, चमच्याने ढवळलं आणि वाटी तिच्या हातात दिली. तिने पहिला घास घेतला तेव्हा चार्जरवरचा दिवा लाल होता आणि चंद्र उगवायला पाच तास होते. देवाने काही म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

आता माझं. मेघनाच्या ऑफिसात जुन्या बॅटऱ्या गोळा करायचा डबा ठेवला आहे, तिथून त्या कुठल्याशा कारखान्यात जातात आणि आतलं जे चांगलं असेल ते काढून घेतात म्हणे. उद्या ती मला नेणार आहे. ओल्या कचऱ्यात टाकली असती तर कुठेतरी पेटले असते आणि जाता जाता कोणाचं तरी वाईट केलं असतं. ते टळलं, हे पुष्कळ झालं. तुमच्याही घरात माझ्यासारखी कोणी पडली असेल तर एवढं करा. आणि चालती असेल तर तिचा दिवा हिरवा आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आत्ताच मेघनाने माझ्या धातूच्या टोकांना चिकटपट्टी लावायला काढली, तेवढ्यात पलंगावरून बकुळा म्हणाली, "उपाशी धाडू नको गो तिका."

"आई, अशी बॅटरी रिकामीच द्यायची असते."

"मग घासभर तरी."

मेघना हसली. पण जयवंतांनी मला उचललं आणि चार्जरवर ठेवलं. चार्जर आता मला ओळखतसुद्धा नाही, दिवा नुसता लुकलुकतो. ते जयवंतांना दिसत होतं. तरी ते मला धरून तिथेच उभे राहिले.